‘मी बोअर झालो’ इंग्रजीत कसं म्हणायचं? भावना आणि त्यांची कारणं सांगणारी ‘एड’ आणि ‘इंग’ची विशेषणं

नोकरीच्या अर्जांत दोन वाक्यं हमखास सापडतात. एक, ‘आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस पोस्ट.’ दुसरं, ‘आय ॲम एक्सायटिंग टू जॉइन युवर कंपनी.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की मला या कामात रस आहे, मी रुजू व्हायला उत्सुक आहे. वाचणाऱ्याला कळतं ते भलतंच: मी फार रंजक माणूस आहे आणि मी आलो की लोक थरारून जातात. तेवढ्यावरून अर्ज बाद होईल असं नाही, पण वाचणारा गालातल्या गालात हसतो.

तिसरी एक चूक याहून जास्त पसरलेली आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. ‘आय ॲम बोअर.’ ‘आय ॲम कन्फ्यूज.’ ‘शी इज व्हेरी फ्रस्ट्रेट.’ इथे ना ‘इंग’, ना ‘एड’. शब्द बोडकाच. व्याकरणाची पुस्तकं पहिल्या दोन चुकांवर पानं खर्च करतात, कारण त्या जगभरचे विद्यार्थी करतात. ही तिसरी मात्र थेट आपल्या रोजच्या बोलण्यातून येते. महाराष्ट्रात पाचवीऐवजी पहिलीपासून इंग्रजी शिकवायला २००० साली सुरुवात झाली. त्याला २५ वर्षं उलटली तरी ही चूक जागची हललेली नाही, कारण तिचं मूळ इंग्रजीच्या तासात नाहीच. ते आपण मराठीत वापरतो त्या ‘बोअर’, ‘कन्फ्यूज’, ‘इम्प्रेस’, ‘एक्साइट’ या शब्दांत आहे.

म्हणून सुरुवात मराठीपासून करू. हा विषय ‘माणसाला एड, वस्तूला इंग’ एवढ्या एका ओळीत उरकला जातो. ती ओळ निम्म्या वेळा बरोबर येते आणि उरलेल्या वेळा तोंडघशी पाडते.

आधी क्रियापद कुणाचं ते बघा

मराठीत भावना आपल्याकडे येते किंवा आपल्याला वाटते. मला कंटाळा आला, मला भीती वाटली, मला राग आला, मला आश्चर्य वाटलं. क्रियापद वापरलं तरी ते माणसाचंच असतं: मी घाबरलो, मी दमलो, मी गोंधळलो. कारणाला बोलायला लावायचं असेल तर आपण त्याच धातूचं प्रयोजक रूप करतो. घाबरणे–घाबरवणे, दमणे–दमवणे, थकणे–थकवणे, हादरणे–हादरवणे.

इंग्रजीतली भावनांची बहुतेक क्रियापदं या दुसऱ्या जातीची आहेत. ‘फ्राइटन’ म्हणजे घाबरणे नव्हे, घाबरवणे. ‘टायर’ म्हणजे दमवणे. ‘बोअर’ म्हणजे कंटाळा आणणे. ‘कन्फ्यूज’ म्हणजे गोंधळात टाकणे. ‘सरप्राइज’ म्हणजे आश्चर्याचा धक्का देणे, ‘डिसपॉइंट’ म्हणजे निराश करणे, ‘एम्बॅरस’ म्हणजे ओशाळवाणं करून सोडणे. या सगळ्यांत कर्ता आहे कारण, आणि माणूस आहे सोसणारा.

एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं आपोआप उलगडतं. शाळेत धातुसाधित विशेषणं शिकलेली आठवत असतील: पिकलेला आंबा, वाहती नदी, रांगणारे मूल. ‘इंग’चं विशेषण म्हणजे ‘-णारा’: फ्राइटनिंग म्हणजे घाबरवणारा, टायरिंग म्हणजे दमवणारा, बोअरिंग म्हणजे कंटाळा आणणारा. ‘एड’चं विशेषण म्हणजे ‘-लेला’: फ्राइटन्ड म्हणजे घाबरलेला, टायर्ड म्हणजे दमलेला, बोअर्ड म्हणजे कंटाळलेला. गल्लत कुठे होते? ‘फ्राइटनिंग’चा अर्थ कुणी ‘घाबरणारा’ असा लावला की. मधला तो एक ‘व’ राहून गेला तर सगळं वाक्य उलटं होतं. घाबरणारा नव्हे, घाबरवणारा.

मराठीतल्या शेपट्यांवर डोळे झाकून विसंबू मात्र नका. कंटाळवाणा आणि लाजिरवाणा हे शब्द कारणाचे आहेत, पण दीनवाणा आणि केविलवाणा नाहीत. आणि ‘चिडणे’ला ‘व’ जोडलात तर ‘चिडवणे’ होतं, म्हणजे थट्टा करणे. ‘ॲनॉइंग’ म्हणजे चिडवणारा नव्हे, चीड आणणारा. शंका आली की ‘आणणारा, करणारा, टाकणारा’ लावून बघा.

‘झालो’ की ‘केलं’

इंग्रजी शब्द मराठीत घेताना आपण त्यांना दोन क्रियापदं जोडतो. मी कन्फ्यूज झालो. या फॉर्मने मला कन्फ्यूज केलं. मी इम्प्रेस झाले. तिने सगळ्यांना इम्प्रेस केलं. म्हणजे ज्याच्या मनात भावना आहे त्याच्याबरोबर ‘होणे’, आणि जे ती भावना घडवतं त्याच्याबरोबर ‘करणे’. हा भेद कुणी शिकवावा लागत नाही, ‘मी कन्फ्यूज केलो’ असं कुणीच म्हणत नाही. तोच भेद इंग्रजीत ‘एड’ आणि ‘इंग’ दाखवतात.

तेव्हा आधी मराठीत वाक्य म्हणा. ‘झालो, झाली, झालोय’ आलं की इंग्रजीत ‘एड’ हवं. ‘मी बोअर झालोय’ म्हणजे ‘आय ॲम बोअर्ड.’ ‘आई शॉक झाली’ म्हणजे ‘मदर वॉज शॉक्ड.’ ‘मी जाम फ्रस्ट्रेट झालोय’ म्हणजे ‘आय ॲम रिअली फ्रस्ट्रेटेड.’ मराठीत ‘झालो’ हा शब्द जे काम करतो ते इंग्रजीत शेवटचं ‘एड’ करतं. ‘आय ॲम बोअर’मध्ये ते काम करणारं कुणीच उरत नाही, म्हणून वाक्य लंगडं पडतं. (‘आय ॲम अ बोअर’ असं मात्र होऊ शकतं, कारण तिथे ‘बोअर’ हे नाम आहे. अर्थ: मी पकाऊ माणूस आहे.)

‘करणे’ आलं तर दोन रस्ते. ‘हा फॉर्म फार कन्फ्यूज करतो’ हे ‘धिस फॉर्म इज व्हेरी कन्फ्यूजिंग’ असं विशेषणाने सांगता येतं किंवा ‘धिस फॉर्म कन्फ्यूजेस मी’ असं सरळ क्रियापदाने. दुसऱ्या रस्त्याचा भूतकाळ केला की होतं ‘द फॉर्म कन्फ्यूज्ड मी.’ आता वस्तू कर्ता आहे आणि तरी ‘एड’ आलं! पुष्कळजण इथे अडखळतात आणि पाठ केलेला नियमच चुकीचा होता असं समजतात. नियम जागेवर आहे. इथलं ‘एड’ साध्या भूतकाळाचं आहे, विशेषणाचं नाही. ओळखायची खूण म्हणजे आधी ‘इज, वॉज, वेअर’ यांपैकी काही आहे का ते बघणं. ‘द फॉर्म कन्फ्यूज्ड मी’ बरोबर. ‘द फॉर्म वॉज कन्फ्यूज्ड’ म्हणजे कागदाचाच गोंधळ उडाला होता.

एक कोपरा उरतो तो ‘पिक्चर बोअर आहे’ या वाक्याचा. यात ना झालं, ना केलं, नुसतं ‘आहे’. इथे स्वतःला विचारा की पिक्चरला कंटाळा आलाय का? तसं शक्यच नाही, म्हणून ‘द फिल्म इज बोअरिंग.’

वाक्य बांधायला घेऊ

समजा म्हणायचंय: ‘नव्या ॲपमुळे बाबा गोंधळून गेलेत.’

पहिली पायरी, भावना कुणाच्या मनात आहे ते ठरवा. बाबांच्या. दुसरी, ती कशामुळे आली? ॲपमुळे. तिसरी, वाक्याची सुरुवात कुणापासून करायची ते निवडा. ही निवड तुमची आहे आणि ती कशावर भर द्यायचाय त्यावर ठरते. बाबांची काळजी वाटत असेल तर माणसापासून: ‘माय फादर इज कन्फ्यूज्ड बाय द न्यू ॲप.’ ॲपची तक्रार करायची असेल तर कारणापासून: ‘द न्यू ॲप इज कन्फ्यूजिंग.’ चौथी पायरी, जोडणारा शब्द बसवा. तो सगळ्यांत चिवट भाग आहे, त्याच्याकडे थोड्या वेळाने वळू.

या दोन साच्यांवर कामचलाऊ इंग्रजी निभावतं. पण बोलणं कानाला सहज वाटावं असं वाटत असेल तर आणखी तीन साचे जिभेवर बसवा.

‘फाइंड’चा साचा मराठी माणसासाठी वरदान आहे, कारण तो आपल्या ‘मला अमुक तमुक वाटतं’शी तंतोतंत जुळतो. मला हा विषय रटाळ वाटतो: ‘आय फाइंड धिस सब्जेक्ट बोअरिंग.’ मला तिचं बोलणं दिलासा देणारं वाटलं: ‘आय फाउंड हर वर्ड्स कम्फर्टिंग.’ इथे सुरुवात ‘आय’ने असली तरी विशेषण विषयाचं आहे, म्हणून ‘इंग’. शिवाय हा साचा सौम्य आहे. ‘युवर रिपोर्ट इज कन्फ्यूजिंग’ म्हटलं की समोरच्याच्या तोंडावर मारल्यासारखं होतं. ‘आय फाउंड सम पार्ट्स कन्फ्यूजिंग’ म्हटलं की दोष थोडा आपल्याकडेही येतो. ऑफिसच्या मेलमध्ये दुसरं वाक्य लिहा.

‘गेट’चा साचा बदल दाखवतो. ‘आय ॲम टायर्ड’ म्हणजे दमलेला आहे, ‘आय गेट टायर्ड ईझिली’ म्हणजे लवकर दमतो. यात एक गंमत आहे. ‘आय ॲम गेटिंग बोअर्ड’ हे अगदी शुद्ध वाक्य. त्यातलं ‘इंग’ कानात राहतं आणि पुढच्या वेळी तोंडातून ‘आय ॲम गेटिंग बोअरिंग’ निघतं. त्याचा अर्थ, मी दिवसेंदिवस रटाळ होत चाललोय.

तिसरा साचा ‘इट’चा, जेव्हा कारण म्हणजे एखादी अख्खी घटना असते. ‘इट इज सरप्राइझिंग दॅट ही फेल्ड.’ ‘इट वॉज एम्बॅरसिंग टू आस्क फॉर मनी.’ मराठीत ‘पैसे मागायला लाज वाटली’ यात ‘मला’ गाळलेलं असतं, म्हणून आपल्याला दोन्ही रस्ते मोकळे: ‘इट वॉज एम्बॅरसिंग’ किंवा ‘आय वॉज एम्बॅरस्ड टू आस्क.’ मात्र ‘मला’चं शब्दशः भाषांतर करून वाक्याची सुरुवात ‘टू मी’ने करू नका. भावना सांगताना मराठीतलं ‘मला’ इंग्रजीत बहुतेक वेळा ‘आय’ होऊनच येतं.

मराठीतलं एक ‘चा’ आणि इंग्रजीतली अर्धा डझन अव्ययं

खरी दमछाक इथे होते. मराठी इथे उदार आहे. लेक्चरचा कंटाळा, कुत्र्याची भीती, निकालाचं आश्चर्य, मुलाची काळजी, मित्राचा राग. भावना कोणतीही असो, कारणाला ‘चा, ची, चं’ लावलं की काम झालं. इंग्रजीत प्रत्येक विशेषणाचा सोबती ठरलेला असतो आणि त्यामागे फारसं तर्कशास्त्र नसतं. शब्द पाठ करतानाच तो सोबत्यासकट पाठ करायचा, नुसता नाही.

नशिबाने एक जोडी मराठीशी जुळते. ‘गणितात रस आहे’ यातल्या ‘त’ला इंग्रजीत ‘इन’: ‘इंटरेस्टेड इन मॅथ्स.’ पुढे क्रिया आली तर ‘इंटरेस्टेड इन लर्निंग.’ ‘इंटरेस्टेड टू नो’ हेही ऐकू येईल, पण ते ‘जाणून घ्यायला आवडेल’ अशा अर्थी वापरतात. नोकरी, कोर्स, छंद यांसाठी ‘इन’च.

काळजी आणि उत्सुकता या दोघींना ‘अबाउट’ चालतं: ‘वरीड अबाउट द एक्झाम’, ‘एक्सायटेड अबाउट द ट्रिप.’ क्रिया असेल तर ‘एक्सायटेड टू जॉइन.’ म्हणजे सुरुवातीच्या अर्जातलं वाक्य असं हवं होतं: ‘आय ॲम एक्सायटेड टू जॉइन.’

आश्चर्य वाटल्याचं सांगणारे शब्द ‘ॲट’ किंवा ‘बाय’ घेतात: ‘सरप्राइज्ड ॲट द प्राइस’, ‘अमेझ्ड बाय हर मेमरी.’ ‘सरप्राइज्ड ऑफ’ असं कधीच होत नाही.

कंटाळ्याला ‘विथ’ किंवा ‘बाय’. ‘बोअर्ड ऑफ’ आता तरुण मंडळी सर्रास म्हणतात आणि गप्पांत ते खपून जातं. परीक्षेत किंवा अर्जात ‘विथ’ लिहिलंत तर कुणाची ना नाही.

भीतीच्या बाबतीत अव्यय बदललं की अर्थही सरकतो. ‘फ्राइटन्ड ऑफ डॉग्ज’ म्हणजे कुत्र्यांची कायमची भीती. ‘फ्राइटन्ड बाय अ डॉग’ म्हणजे त्या एका कुत्र्याने त्या एका वेळी घाबरवलं. ‘टायर्ड’चंही तसंच. ‘टायर्ड फ्रॉम द वॉक’ म्हणजे चालून पाय दमलेत, ‘टायर्ड ऑफ हिज एक्सक्यूजेस’ म्हणजे त्याच्या सबबी ऐकून वीट आलाय. पहिलं झोप काढल्यावर जातं. दुसरं जात नाही.

‘डिसपॉइंटेड’ हा शब्द जपून वापरावा. ‘डिसपॉइंटेड विथ द सर्व्हिस’ ही साधी तक्रार. ‘आय ॲम डिसपॉइंटेड इन यू’ हे मात्र फार लागणारं वाक्य आहे. तू माझ्या नजरेतून उतरलास, असा त्याचा सूर असतो. वडील मुलाला तसं म्हणाले तर समजण्यासारखं आहे, पण हाताखालच्या माणसाला मेलमध्ये तसं लिहिण्याआधी दोनदा विचार करावा.

राग आलेल्या ‘ॲनॉइड’ला माणूस असेल तर ‘विथ’, गोष्ट असेल तर ‘अबाउट’ किंवा ‘बाय’. ‘सॅटिस्फाइड’, ‘प्लीज्ड’ आणि ‘फेड अप’ हे ‘विथ’चे. ‘इम्प्रेस्ड’ला ‘विथ’ आणि ‘बाय’ दोन्ही चालतात. कुठलंच आठवलं नाही तर ‘बाय’ टाकून बघा, बऱ्याचदा निभतं. फक्त ‘इंटरेस्टेड’, ‘वरीड अबाउट’ आणि ‘टायर्ड ऑफ’ यांच्या जागी ते नको.

माणूसही ‘इंग’ असू शकतो, आणि चेहराही ‘एड’

‘माणसाला एड’ हा नियम इथे कोसळतो. माणूसही दुसऱ्याच्या भावनेचं कारण असतोच की. ‘माय टीचर वॉज इन्स्पायरिंग’, म्हणजे प्रेरणा देणारे होते. ‘ही इज ॲनॉइंग’, म्हणजे तो डोक्यात जातो. ‘शी इज अ चार्मिंग होस्ट’, म्हणजे पाहुण्यांना आपलंसं करणारी. त्यामुळे ‘माणूस की वस्तू’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘भावना सोसणारा की घडवणारा’ हा बरोबर.

उलट बाजूला, चेहरा, नजर, आवाज, हसू या गोष्टी निर्जीव असूनही ‘एड’ घेतात, कारण त्यांतून माणसाची भावना दिसते. ‘अ वरीड लुक’ म्हणजे काळजीची छटा असलेली नजर. ‘अ फ्राइटन्ड व्हॉइस’ म्हणजे घाबरलेला आवाज. तोच ‘अ फ्राइटनिंग व्हॉइस’ केलात तर ऐकणाऱ्याचा थरकाप उडवणारा आवाज. मराठीतही घाबरलेला आवाज आणि घाबरवणारा आवाज हे वेगळेच.

सरकारी इंग्रजीतला एक शब्द इथे सांगायलाच हवा. ‘संबंधित अधिकारी’ यासाठी आपल्या कार्यालयांत ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’ लिहितात. भारतात ते सगळ्यांना कळतं. परदेशी वाचकाला मात्र ‘कन्सर्न्ड’ नामाच्या आधी आलं की ‘काळजीत पडलेला’ असं वाटतं. त्याच्यासाठी लिहायचं असेल तर ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’ लिहा, शब्द नामाच्या मागे. ‘इंटरेस्टेड पार्टी’चीही तीच गत. तो उत्सुक माणूस नसतो, ज्याचे हितसंबंध गुंतलेत असा पक्ष असतो. आणि नोकरी सोडताना मिळतं त्या ‘रिलिव्हिंग लेटर’मधल्या ‘रिलिव्हिंग’चा सुटकेच्या निःश्वासाशी संबंध नाही, कामातून मोकळं केल्याचं ते पत्र. निःश्वास टाकलेला माणूस ‘रिलीव्ड’, आणि तो टाकायला लावणाऱ्या बातमीला ‘रिलिव्हिंग’ न म्हणता ‘अ रिलीफ’ म्हणायची पद्धत आहे.

ज्यांची जोडी जुळत नाही

‘रिलीफ’सारखे आणखी काही शब्द नियमाला दाद देत नाहीत. बहुतेकांत ‘एड’ असतं, पण ‘इंग’च्या जागी वेगळाच शब्द बसतो. काहींत उलट, ‘इंग’ असतं आणि ‘एड’ नसतं. हे थोडेच आहेत, पण रोज लागतात.

‘स्केअर्ड’ माणूस, पण भीतिदायक सिनेमा ‘स्केअरी’. ‘स्केअरिंग मूव्ही’ कुणी म्हणत नाही. ‘इम्प्रेस्ड’ प्रेक्षक आणि ‘इम्प्रेसिव्ह’ भाषण. ‘डिलायटेड’ पाहुणे आणि ‘डिलाइटफुल’ जेवण. ‘स्ट्रेस्ड’ कर्मचारी आणि ‘स्ट्रेसफुल’ नोकरी. ‘ऑफेंडेड’ श्रोता आणि ‘ऑफेन्सिव्ह’ विनोद. ‘हार्टब्रोकन’ चाहते आणि ‘हार्टब्रेकिंग’ पराभव. ‘अपसेट’ला ‘एड’ लागतच नाही, ‘आय ॲम अपसेट’ एवढंच, पण बातमी ‘अपसेटिंग’.

‘टेन्शन’चं काय करायचं? ‘मला टेन्शन आलंय’ याचं ‘आय ॲम टेन्स्ड’ करण्याची आपल्याकडे फार सवय आहे. इंग्रजीत ताणलेले स्नायू ‘टेन्स्ड’ असतात, माणूस ‘टेन्स’. खरं तर आपण टेन्शन म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा काळजी म्हणायची असते, म्हणून ‘आय ॲम वरीड’ किंवा ‘आय ॲम स्ट्रेस्ड’ जास्त जवळचं. तसंच ‘आम्ही खूप एन्जॉय केलं.’ याला ‘वी वेअर एन्जॉइड’ नको. ‘वी एन्जॉइड अवरसेल्व्ह्ज’, आणि सहल ‘एन्जॉयेबल’ होती.

आधी ‘व्हेरी’ लावायचं तर एक पथ्य पाळा. ‘व्हेरी टायर्ड’ चालतं, पण ‘एक्झॉस्टेड’, ‘टेरिफाइड’, ‘डिव्हास्टेटेड’ यांत ‘फार’ आधीच भरलेलं असतं. त्यांना ‘कम्प्लीटली’ किंवा ‘ॲब्सोल्यूटली’ शोभतं.

शेवटचं ‘एड’ कानाला का ऐकू येत नाही

बोडका ‘बोअर’ आणि ‘कन्फ्यूज’ टिकून राहण्याचं आणखी एक कारण उच्चारात आहे. ‘आय ॲम टायर्ड टुडे’ भरभर म्हटलं की ‘ड’ पुढच्या ‘ट’मध्ये विरघळतो. ऐकणाऱ्याला तो जाणवत नाही आणि मग लिहितानाही गळतो.

उच्चाराचा नियम सोपा आहे. मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड ऐकू येत असेल तरच ‘एड’ वेगळं, पूर्ण उच्चारायचं: एक्सायटेड, डिसपॉइंटेड, फ्रस्ट्रेटेड, डिलायटेड. शेवटी क, प, फ, स, श, च यांपैकी आवाज असेल तर ‘एड’चा ‘ट’ होतो. लिहिताना आपण शॉक्ड, इम्प्रेस्ड, एम्बॅरस्ड लिहितो, पण म्हणायचं शॉक्ट, इम्प्रेस्ट, एम्बॅरस्ट. बाकी सगळीकडे नुसता ‘ड’: बोअर्ड, टायर्ड, कन्फ्यूज्ड, वरीड. ‘कन्फ्यूजेड’, ‘बोअरेड’ असे उच्चार ऐकू येतात, ते टाळा.

स्पेलिंगमध्ये तीन जागी हात थबकतो. ‘कन्फ्यूज’मधला शेवटचा ई ‘इंग’ लागताना गळतो. ‘वरी’चा वाय ‘एड’ लागताना आय होतो, पण ‘ॲनॉय’चा होत नाही, कारण त्याच्याआधी ओ हा स्वर आहे. आणि ‘एम्बॅरस’मध्ये आर दोन, एसही दोन. ‘बोअर्ड’च्या जागी फळ्याचा ‘बोर्ड’ लिहिणारेही कमी नाहीत, आणि मोबाइल ते चूक म्हणून दाखवतोच असं नाही, कारण तोही शब्द खराच आहे.

एक सामना, दोन्ही बाजूंनी

सगळं एकत्र वापरून बघायला खेळासारखा विषय नाही. २९ जून २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना घ्या. बार्बाडोसमधलं ब्रिजटाऊन, समोर दक्षिण आफ्रिका. त्यांना ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या आणि हातात ६ गडी होते. तेव्हाची आपली अवस्था: ‘वी वेअर वरीड.’ परिस्थिती कशी होती? ‘द सिच्युएशन वॉज वरीइंग.’ पुष्कळांनी टीव्ही बंद केला असेल: ‘सम फॅन्स वेअर टू फ्राइटन्ड टू वॉच.’

शेवटच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर डेव्हिड मिलरचा फटका सीमारेषेकडे गेला आणि सूर्यकुमार यादवने झेल घेतला. त्याने चेंडू आत उडवला, स्वतः रेषेबाहेर गेला, परत येऊन पकडला. झेल ‘अस्टॉनिशिंग’, बघणारे ‘अस्टॉनिश्ड’. इथे कुणी ‘द कॅच वॉज अस्टॉनिश्ड’ म्हणालं तर चेंडूच थक्क झाला असं होईल. भारत ७ धावांनी जिंकला. ‘वी वेअर थ्रिल्ड, अँड फ्रँकली, वी वेअर रिलीव्ड.’ २००७ नंतर हा चषक पहिल्यांदाच परत आला होता, म्हणून ‘इट वॉज अ सॅटिस्फाइंग विन.’ दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने हाच सामना सांगायचा तर ‘देअर फॅन्स वेअर हार्टब्रोकन’ आणि ‘इट वॉज अ हार्टब्रेकिंग डिफीट.’

घरी सराव करायचा तर असाच एखादा प्रसंग घ्या आणि प्रत्येक भावना दोनदा सांगा, एकदा माणसापासून, एकदा कारणापासून. वह्या भरून रिकाम्या जागा भरण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, कारण रिकाम्या जागेत पर्याय दोनच असतात आणि अंदाजही लागतो.

आता तुम्ही

खालची वाक्यं आधी मोठ्याने इंग्रजीत म्हणा, मग उत्तर बघा.

रांगेत उभं राहून वैताग आला. — ‘आय गॉट फेड अप विथ स्टँडिंग इन द क्यू.’ वैताग माझा, म्हणून सुरुवात ‘आय’ने.

सूचना इतक्या किचकट होत्या की आजोबा पार गोंधळले. — ‘द इन्स्ट्रक्शन्स वेअर सो कन्फ्यूजिंग दॅट ग्रँडफादर गॉट कम्प्लीटली कन्फ्यूज्ड.’ एकाच वाक्यात दोन्ही.

काका तेच तेच किस्से सांगून बोअर करतात. — ‘माय अंकल बोअर्स अस विथ द सेम स्टोरीज.’ किंवा थोडक्यात, ‘माय अंकल इज बोअरिंग.’ काका माणूस असूनही ‘इंग’, कारण कंटाळा आपल्याला आलाय, काकांना नाही. ते रंगात आलेले असतात.

निकालाने आम्हाला निराश केलं. — ‘द रिझल्ट डिसपॉइंटेड अस.’ ‘वॉज’ घुसवू नका.

तिचं प्रेझेंटेशन बघून साहेब इम्प्रेस झाले. — ‘द बॉस वॉज इम्प्रेस्ड विथ हर प्रेझेंटेशन.’ आणि प्रेझेंटेशन? ‘इम्प्रेसिव्ह’, ‘इम्प्रेसिंग’ नव्हे.

तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. — ‘शी हॅड अ सरप्राइज्ड लुक ऑन हर फेस.’

मला हा पगार समाधानकारक वाटत नाही. — ‘आय डोन्ट फाइंड द सॅलरी सॅटिस्फाइंग’ व्याकरणात बसतं, पण पगाराबद्दल बोलताना ‘सॅटिस्फॅक्टरी’ जास्त रुळलेलं आहे. ‘सॅटिस्फाइंग’ म्हणजे मनाला तृप्ती देणारं: जेवण, काम, शेवट गोड झालेली कादंबरी. स्वतःपासून सुरुवात केलीत तर अडचणच नाही: ‘आय ॲम नॉट सॅटिस्फाइड विथ द सॅलरी.’

गल्लीतला कुत्रा स्वतः घाबरलेला असतो, म्हणून अंगावर येतो आणि लोक त्याला भितात. — ‘द डॉग इज फ्राइटन्ड, अँड दॅट मेक्स हिम फ्राइटनिंग.’